मूल म्हणजे पाणी

गवराबाई रागीट आहे, असं आमच्या इस्पितळात सगळेच म्हणत. मीही म्हणत असे. पुढे म्हणायचं सोडलं. ती चिडायची तेव्हा बहुतेक वेळा चिडण्यासारखंच काहीतरी घडलेलं असायचं, आणि आम्ही बाकीचे ते न पाहिल्यासारखं करून पुढे गेलेलो असायचो.

साल १९५४. चिंचवडच्या पुढे माळावर आमचं क्षयाचं इस्पितळ होतं. मी वीस वर्षांची, नर्सिंगचं शिक्षण नुकतंच संपवून आलेली. इंदू माझं नाव, पण डोक्यावर पांढरी टोपी चढली म्हणून माझ्या दुप्पट वयाची माणसंही मला इंदुताई म्हणत. गवराबाई इस्पितळातली आया. चाकणच्या अलीकडच्या निघोज्याची. नवरा वारलेला, शेती दिरांकडे, एक मुलगी लग्न होऊन गेलेली. आवारातल्याच एका खोलीत ती राहायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. एकदा रोग्यांच्या पेजेत अळ्या निघाल्या तेव्हा तिनं ते पातेलं उचलून थेट मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासून तिच्या नावापुढे 'रागीट' हा शब्द कायमचा चिकटला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लष्करी गाडीतून एक रोगी आला. कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांवर देखरेख ठेवायला आपली फौज तिकडे गेली होती. ती परतली तेव्हा थोडे कैदीही तिच्याबरोबर आले. त्यांना ना तिकडच्या उत्तरेत जायचं होतं, ना दक्षिणेत. त्यातलाच हा. वय चोवीस, नाव यून. पाठीच्या कण्याचा क्षय. छातीपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालूनच त्याला आणलं होतं. सोबतच्या शिपायानं कागद दिले, सही घेतली आणि गाडी निघून गेली. छावणीत आणि बोटीवर त्याच्या तंबूतला एक इंग्रजी जाणणारा सोबती त्याच्या वतीनं बोलायचा. तो सोबती दिल्लीला गेला. यूनला आपल्याकडचे तीनच शब्द येत होते : चलो, बैठो, जयहिंद. सहा महिने आपल्या माणसांच्या पहाऱ्यात काढले त्यानं, आणि तेवढेच शब्द त्याच्या वाट्याला आले होते.

दुसऱ्याच दिवशी त्यानं उठायची धडपड केली आणि अर्धा खाटेबाहेर लोंबकळला. पुन्हा झोपवला तर प्लास्टरवर बुक्क्या मारायला लागला. मोठे डॉक्टर म्हणाले, "हा प्लास्टर फोडेल आणि जन्माचा पांगळा होईल. हात बांधा." मनगटांना कापडी पट्ट्या लावून त्याचे हात खाटेच्या गजांना बांधले. त्या पट्ट्या मी बांधल्या. घट्ट बांधल्या.

हात बांधलेल्या माणसानं खूण करायची कशानं? तो तोंडानंच बोलायचा. ताप चढलेला, ओठ सुकलेले, आणि दिवसभर एकच शब्द, "मूल... मूल..."

आम्हां सगळ्यांचा जीव गलबलला. लढाईत बिचाऱ्याचं मूल मागे राहिलं! शेजारच्या खाटेवरचे रोगी डोळे पुसायचे. मधूनच तो "बाप" म्हणायचा. बापाचीही आठवण येत असणार. आणि रात्रंदिवस, कण्हत, "आपा, आपा." आमच्या वॉर्डबॉयचं नाव लक्ष्मणराव, पण सगळं इस्पितळ त्यांना आप्पा म्हणायचं. लक्ष्मणराव धावत जायचे, त्याच्या कपाळावर हात ठेवायचे. "आलो रे बाबा, हा काय आलो." कधीकधी तो "योगी, आपा!" असंही ओरडायचा. लक्ष्मणराव तुळशीची माळ घालायचे, म्हणून हा आपल्याला योगी म्हणतो असं त्यांना वाटायचं. चारचौघांत ते सांगायचेही.

तापाच्या तक्त्यावर शेऱ्याची जागा असते. तिथे मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : रोगी मुलाची व वडिलांची सारखी आठवण काढतो. मन अस्वस्थ.

ही हकिकत गावात पोचली आणि महिला मंडळाच्या कुसुमताई चार जणींना घेऊन आल्या. त्यांनी गुटगुटीत, हसऱ्या बाळाचं एक कॅलेंडर आणलं आणि यूनच्या पायांसमोरच्या भिंतीवर लावलं. "तेवढंच त्याच्या जिवाला बरं वाटेल," म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. पण तो त्या बाळाकडे बघून "मूल" म्हणतोय की नाही, हेसुद्धा कोणी पाहिलं नाही. तो बाळाकडे बघतच नव्हता.

जेवणाचीही तीच कथा. ताट समोर धरून "जेवणार का?" असं विचारलं की तो म्हणायचा, "ने, ने." ने म्हणतोय तर ताट न्यायचं. दुधाचा पेला पुढे केला की तोंड वळवून म्हणायचा, "आनी, आनी." मग आणखी एक पेला आणायचा. त्या दुधावर आणि औषधाबरोबरच्या घोटभर पाण्यावरच तो तगून होता. दोन दिवसांत त्याचं पोट बिघडलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "जेवण नाकारतो, दुधाचा हट्ट धरतो, मग ओकतो. याच्या डोक्यावर परिणाम झालाय." त्यांनी दिल्लीला दुभाष्यासाठी पत्र पाठवलं होतं. उत्तर नव्हतं. तेव्हा त्यांनी दुसरं पत्र तयार केलं : या रोग्याला वेड्यांच्या इस्पितळात हलवावं.

हे सगळं सोळा दिवस चाललं. गवराबाई तेव्हा बायकांच्या वॉर्डात होती. सोळाव्या दिवशी आमच्याकडची आया आजारी पडली म्हणून तिला आमच्याकडे दिलं.

दुपारची वेळ. ती फरशी पुसत यूनच्या खाटेपाशी आली. तो म्हणाला, "मूल." तिनं मान वर करून पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. कॅलेंडरकडेही नाही. तो तिच्या बादलीकडे बघत होता.

"बादलीत कुठलं आलं रं तुझं मूल?" ती म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली. दोन खाटा सोडून एक म्हातारा माठातलं पाणी पेल्यात ओतून घेत होता. यूनची नजर त्या पेल्याबरोबर गेली. पेला म्हाताऱ्याच्या तोंडाला लागला तसे याचे ओठ उघडले. "मूल."

गवराबाईनं फडकं टाकलं. हात धुतले, माठातून पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला.

"मूल?"

"ने! ने! ने!"

तिचा हात आपोआप मागे आला. नंतर तिनंच मला हे सांगितलं. "ताई, म्या बी न्हेनारच व्हते. पन त्याचं तोंड पेल्यामागं आलं. गाईमागं वासरू येतं तसं. मग कुनाचं ऐकू, शब्दाचं का तोंडाचं?" तिनं पेला त्याच्या ओठांना लावला. तो तीन पेले पाणी प्यायला, आणि चौथा पेला अर्ध्यात असताना रडायला लागला.

मी औषधांच्या कपाटापाशी होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात रिकामा पेला. आवाज चढवला नव्हता, त्यानंच मी जास्त घाबरले.

"ताई, मूल म्हंजे पानी."

"काय?"

"पानी. त्याच्या बोलीत मूल म्हंजे पानी. ने म्हंजे व्हय. सोळा दिस त्यो पानी मागतोय आन तुमी त्याला बाळाचं चित्र दावताय."

तिनं जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून गुंडाळून माझ्या हातात दिलं. "हे न्या तिकडं."

त्या संध्याकाळी तिनं बाकीचं शोधायला सुरुवात केली. भात घेऊन गेली. तो "बाप" म्हणाला. तिनं एक घास भरवला, बोटानं भात दाखवून विचारलं, "बाप?" "ने." मग तिनं दुधाचा पेला पुढे केला. "आनी!" तिनं पेला मागे घेतला, तसा त्याचा चेहरा सैल पडला. म्हणजे आनी म्हणजे नको. दोन आठवडे आम्ही त्याच्या 'हो'ला उपाशी ठेवत होतो आणि 'नको'ला दूध पाजत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या जेवणातली भाकरी दाखवली. तो हनुवटी उचलून म्हणाला, "इगो मो?" तिनं थोडा विचार केला. नवी वस्तू बघून माणूस आधी काय म्हणेल? हे काय, असंच म्हणेल. तिनं चमचा उचलला आणि त्यालाच विचारलं, "इगो मो?" तो पहिल्यांदा हसला. "सुतकराक." तिला ते म्हणता येईना. जीभ अडखळली, 'सुतक' तेवढं निघालं. तिला तो शब्द अशुभ वाटला म्हणून तिनं तो तिथंच सोडून दिला आणि पुढचं विचारलं. त्या एका प्रश्नानं तिला सगळं घर उघडून मिळालं होतं. मीठ, सोगुम. हात, सोन. डोळा, नून. पाय, पाल. "पायाला पाल म्हनत्यात," ती मला सांगायची, "आन हाताला सोनं. हे बाकी बराबर हाय."

तिला तो "आजुमोनी" म्हणायचा. ती आधी भडकली. "आजी कुनाला म्हनतो रं? पंचेचाळीसची हाय म्या." नंतर लक्षात आलं की मोठ्या बाईला मानानं हाक मारायचा तो त्यांचा शब्द असावा, कारण मेट्रनबाईंनाही तो तेच म्हणाला.

एकच शब्द राहिला होता. आपा.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती त्याचं अंग पुसत होती. मी पाणी धरून उभी होते. दोन दिवसांच्या सरावानं ती अवयवांची नावं घेत चालली होती, सोन, नून, आणि तो मान हलवत होता. उजव्या मांडीवरचं प्लास्टर जिथं संपतं तिथं पुसताना तिचं कोपर वर त्याच्या कमरेला टेकलं आणि तो किंचाळला, "आपा! योगी, आपा!"

वऱ्हांड्यातून लक्ष्मणराव आत आले. "आलो रे बाबा—"

"तुमाला न्हाई बोलीवलं," गवराबाई म्हणाली.

तिनं आपल्या दंडाला करकचून चिमटा घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्याला विचारलं, "आपा?" "ने." मग त्याच्या खांद्याला बोट लावलं. "आपा?" "आनी." दुसऱ्या खांद्याला. "आनी." उजव्या कमरेवर, प्लास्टरवरूनच, अगदी हलकं बोट टेकवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ने. योगी. योगी आपा."

ती माझ्याकडे वळली. "योगी म्हंजे हितं," ती म्हणाली. "हितं दुखतंय."

मी तक्त्यावरचा माझा शेरा पाहिला. सुवाच्य होता.

त्या दिवशी दहा वाजता मोठ्या डॉक्टरांची राउंड होती. राउंडमध्ये आयांनी भिंतीला लागून उभं राहायचं, बोलायचं नाही, असा नियम. डॉक्टर यूनच्या खाटेशी आले, कागद पाहिला, म्हणाले, "याला सोमवारी हलवायचं आहे. पत्र गेलं ना?"

"सायेब," गवराबाई भिंतीपासून म्हणाली, "त्यो येडा न्हाई."

सगळे वळले. मेट्रनबाईंनी डोळे वटारले.

"बाई, तुला कोणी विचारलं?"

"कुनी न्हाई. त्याला बी कुनी इचारलं न्हाई." ती पुढे आली. "त्याच्या कंबरंत दुखतंय. पलास्तराच्या आत. एकोनीस दिस सांगतोय त्यो."

"तो आप्पाला हाका मारतो. सगळ्या वॉर्डाला माहीत आहे."

"सगळा वॉर्ड चुकला, सायेब."

"तुला कोरियन येतं वाटतं?" डॉक्टर हसले. त्यांच्यामागचे दोघे शिकाऊ डॉक्टरही हसले.

"बारा-पंधरा शब्द येत्यात. तुमाला किती येत्यात?"

मला वाटलं, आता हिची नोकरी गेली. पण तिनं कोणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. खाटेपाशी जाऊन तिनं सकाळचं सगळं पुन्हा करून दाखवलं. खांदा, "आनी." दुसरा खांदा, "आनी." कमरेला बोट टेकलं आणि तो ओरडला. मग मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "सर, तिथून वास येतोय. दोन दिवस येतोय." खरं तर चार दिवस येत होता. प्लास्टरचाच असेल म्हणून मी सोडून दिला होता.

डॉक्टर वाकले. वास घेतला. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "कात्री आणा," म्हणाले.

प्लास्टर कापलं. आत जे होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. कमरेच्या हाडापर्यंत जखम गेली होती आणि पू साचला होता. शिकाऊ डॉक्टरांपैकी एक बाहेर जाऊन ओकून आला. यून छताकडे बघत होता. गवराबाईनं त्याच्या मनगटांच्या पट्ट्या सोडल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. पट्ट्यांखालचं कातडं सोललेलं होतं.

त्याच दिवशी पू काढला, पेनिसिलिन सुरू झालं. पाचव्या दिवशी ताप उतरला. वेड्यांच्या इस्पितळाचं पत्र मागे घेतलं. आणि महिन्याच्या अहवालात डॉक्टरांनी लिहिलं की, बारकाईनं केलेल्या तपासणीत प्लास्टरखालची जखम वेळेवर लक्षात आली. वेळेवर! हा शब्द मी स्वतः वाचला. त्याच आठवड्यात गवराबाईला ताकीद मिळाली : वरिष्ठांच्या राउंडमध्ये विनाकारण बोलून शिस्तभंग केला.

हेडक्लार्क शाईची डबी घेऊन वॉर्डात आला. "इथं अंगठा कर."

"आदी वाचा, काय लिवलंय त्ये."

त्यानं वाचलं.

"आंगठा देते," गवराबाई म्हणाली. "पन खाली लिवा, म्या काय बोलले त्ये. समदं. मूल म्हंजे पानी, हितपासनं."

"असं लिहिता येत नाही."

"मग आंगठा बी येत न्हाई."

तो कागद तिच्या अंगठ्याशिवायच दप्तरात गेला. मी मात्र दुसरा कागद केला. जुन्या तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर ती सांगेल ते शब्द मी लिहून घेतले. ती माझ्यावर मास्तरीणबाईसारखी खेकसायची. "तसं न्हाई ताई, ओठ मिटून. त्यो तसा म्हनत न्हाई." यूनला विचारून खात्री करायची. थंडी वाजते, चुवो. उकडतं, तोवो. घसा, मोक. माझी इच्छा होती की तो कागद त्याच्या खाटेवर टांगावा. मेट्रनबाई म्हणाल्या, "हे इस्पितळ आहे, शाळा नव्हे." मग गवराबाईनं पाळी बदलायच्या वेळी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "पानी? दुखतंय? नगं?" ज्याला येत नसे त्याला ती यूनच्या खाटेकडे जाऊ देत नसे. त्यात नर्सही आल्या, आणि एकदा तर एक शिकाऊ डॉक्टरही. तो मुकाट्यानं "आपा" म्हणाला आणि आत गेला.

दिल्लीहून जुलैत उत्तर आलं : दुभाष्याची व्यवस्था विचाराधीन आहे.

पुढच्या वर्षी जानेवारीत यून कमरेला पट्टा लावून, काठी टेकत गाडीपर्यंत चालत गेला. तोवर त्याला मराठी बऱ्यापैकी यायला लागलं होतं, आणि तेही निघोज्याचं. "येतो, आजुमोनी," म्हणाला. "गुमान ऱ्हा," ती म्हणाली. त्याच्यासारखे काही जण पुढे दूरच्या कुठल्या देशांत जाऊन राहिले असं मी ऐकलं. तो त्यांच्यात होता का, ते कळलं नाही.

चार वर्षांनी लक्ष्मणरावांची बदली झाली. निरोपाचा चहा होता. भाषणं झाली, चिवडा झाला. लक्ष्मणराव मनानं निर्मळ माणूस, गोष्ट रंगवून सांगायचे. कोणी तरी म्हणालं, "आप्पा, त्या चिन्याची गोष्ट सांगा." ते उठले आणि त्यांनी सगळं सोंगासकट केलं. मूल मागतोय म्हणून बाळाचं कॅलेंडर, ने म्हणतोय म्हणून ताट परत, आणि मी योगी! माणसं पोट धरधरून हसत होती. खरं सांगते, मीही हसले. ऐकायला ती गोष्ट तशीच होती.

गवराबाई मागच्या बाकावर बसली होती. ती उठली.

"आप्पा, किती दिस, त्ये न्हाई सांगितलं तुमी."

हसणं थांबायला जरा वेळ लागला.

"एकोनीस दिस," ती म्हणाली. "त्यो चिनी नव्हता. त्याचं नाव यून. एकोनीस दिस त्यानं नीट, सरळ, त्याच्या बोलीत सांगितलं, पानी द्या, भात द्या, हितं दुखतंय. त्याचं काय बी चुकलं नव्हतं. समदा वॉर्ड कानांत कापूस भरल्यागत बसला व्हता. आन तुमी हसताय कुनाला? त्याला?"

लक्ष्मणरावांचे हात तसेच हवेत राहिले होते. ते खाली आले. "गवराबाई," ते म्हणाले, "चुकलं."

"माज्यापाशी म्हनून काय हुनार?" ती म्हणाली. तिनं पदर खोचला. चार वाजले होते, बायकांच्या वॉर्डात अंग पुसायची वेळ झाली होती. ती निघून गेली.